बाटलीतला पहारेकरी

काचबिंदूचे रुग्ण डॉक्टरांना हमखास विचारतात, "डोळ्यातलं पाणी तुंबलंय म्हणून थेंब दिलेत ना? मग आता डोळे कोरडे पडलेत असं कसं म्हणता?" शंका रास्त आहे. उत्तर त्याहून भन्नाट आहे: डोळ्याला दोन पाणी असतात, आणि त्यांची उभ्या जन्मात एकमेकांशी गाठ पडत नाही.

पहिलं पाणी आतलं. डोळ्याच्या आत ते मिनिटाला जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर तयार होतं. कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग) आणि भिंग यांना रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आरपार दिसलं कसं असतं? म्हणून हे पाणीच त्यांना खाऊपिऊ घालतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. दीड-दोन तासांत सगळं पाणी नवं! ही जाळी नीट निचरा करेनाशी झाली की दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेतले तंतू मरू लागतात. असे तंतू दहा लाखांच्या घरात असतात, पण मेलेला एकही परत येत नाही. काचबिंदूचा दरारा आहे तो यामुळे.

दुसरं पाणी बाहेरचं, अश्रूंचं. हे रडण्यापुरतं नसतं, अष्टौप्रहर डोळ्यावर पसरलेलं असतं. किती जाड? एका मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातले तीन उचला. एवढ्याशा जाडीत खाली चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेल अशी मांडणी असते. मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचा तवंग असतो ना, तसं हे तेल पाण्यावर पसरतं आणि त्याची वाफ होऊ देत नाही. ते येतं पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या ग्रंथींतून. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने त्यांचं वर्णन 1666 मध्ये केलं, म्हणून त्या आजही मायबोमियन ग्रंथी म्हणून ओळखल्या जातात. प्रत्येक उघडझापेबरोबर पापणी हा तवंग नव्याने सारवते.

आता यात काचबिंदूचा थेंब पडतो. थेंब साधारण तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यावर मुळात अश्रू असतात सात ते दहा मायक्रोलिटर. म्हणजे उरलेलं गालावर. ("दोन टाकले तर दुप्पट गुण" हा हिशेब इथेच बुडतो.)

पण गंमत पुढेच आहे. ही बाटली महिनाभर रोज उघडायची. तिचं टोक बोटाला लागतं, पापणीला टेकतं. आत जंतू वाढले तर औषध राहिलं बाजूला, डोळाच जायचा. म्हणून बाटलीत एक पहारेकरी बसवतात. बहुतेक वेळा तो असतो बेन्झाल्कोनियम क्लोराइड. याची जंतुनाशक ताकद 1935 मध्ये जगापुढे मांडली गेर्हार्ट डोमाक यांनी, म्हणजे सल्फा औषधांसाठी पुढे नोबेल मिळालेले तेच. फरशी पुसायच्या कित्येक जंतुनाशकांतही हेच रसायन असतं. जंतूभोवतीचा स्निग्ध पापुद्रा ते फोडतं. आणि स्निग्ध आणखी काय असतं? डोळ्यावरचा तवंग! आपल्या पेशींची आवरणंसुद्धा. पहारेकऱ्याला घरचा कोण आणि चोर कोण हे कळत नाही.

थेंबातलं त्याचं प्रमाण फार तर 0.02 टक्के. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण हा कोर्स पाच दिवसांचा नाही, रोजचा आणि बहुधा जन्माचा आहे. त्यात दोन-तीन बाटल्या असल्या तर मात्रा वाढतच जाते. श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी कमी होतात, पृष्ठभाग सुजतो. याची खात्री हवी? संशोधकांना कोरड्या डोळ्यांवरची औषधं तपासायची असतात तेव्हा प्रयोगशाळेतल्या सशा-उंदरांचे डोळे मुद्दाम कोरडे करायला ते अनेकदा हेच रसायन वापरतात!

सगळं खापर पहारेकऱ्यावर फोडणंही बरोबर नाही. टिमोलॉलसारखी काचबिंदूची औषधं स्वतःच कॉर्नियाची संवेदना थोडी बोथट करू शकतात. वय, संगणक आणि एसी आहेतच.

हे सारं डॉक्टरांना दिसतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. नारिंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला अलगद टेकवतात आणि निळा प्रकाश टाकतात. डोळ्यावर हिरवंगार पाणी चमकू लागतं. "आता पापणी लववू नका," म्हणून डॉक्टर सेकंद मोजतात. दहाच्या आत हिरव्यात काळे डाग फुटले तर अश्रूंचा पडदा टिकत नाही असं समजायचं. काहींच्या डोळ्यांतून तर धारा लागलेल्या असतात आणि निदान होतं कोरडेपणाचं! पृष्ठभाग चुरचुरला की मेंदू पाण्याचा लोंढा सोडतो, पण तो पातळ लोंढा टिकत नाही.

मग उपाय? औषध तेच ठेवून पहारेकऱ्याला रजा देता येते. एकदाच वापरून टाकायच्या चिमुकल्या कुप्या मिळतात. त्याहून अफलातून म्हणजे झडपेच्या बाटल्या: थेंब बाहेर पडतो, पण जंतूंना आत यायला वाटच नाही. पदार्थविज्ञानाने रसायनाची नोकरी घालवली म्हणायची! दुसरी वाट लेसरची. ब्रिटनमधल्या 718 रुग्णांवरच्या लाइट या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. ज्यांच्यावर आधी लेसर केला, त्यांच्यापैकी सुमारे 74 टक्क्यांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता.

शिवाय पहारेकरी नसलेले कृत्रिम अश्रू आणि पापण्यांना कोमट शेक. पण एक सापळा लक्षात ठेवा. सुजलेल्या कोरड्या डोळ्यांना स्टेरॉइडने झटकन बरं वाटतं, आणि हेच स्टेरॉइड आतला दाब वाढवू शकतं, काचबिंदू असलेल्यांत तर जास्तच. एका पाण्याचं भलं करायला जावं आणि दुसरं तुंबावं! इथे मदतीला येतं सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळालेलं, आधी अवयव प्रत्यारोपणात नाव काढलेलं हे औषध डोळ्याची सूज कमी करतं आणि दाबाच्या वाटेला जात नाही. गुण यायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

डोळे झोंबतात म्हणून काचबिंदूचे थेंब मनानेच बंद करणारे पुष्कळ असतात. दाब वाढल्याचं बहुधा जाणवतही नाही, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. त्यापेक्षा पुढच्या तपासणीला दुकानातून परस्पर घेतलेल्या थेंबांसकट सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या आणि विचारा, "यातल्या किती बाटल्यांत पहारेकरी आहे?"