पाणी उतरलं का?

फराळाचे डबे रिकामे झाले, की आमच्या घरी भिगवणचा विषय निघतो. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे फोटो काढण्याची हौस माझी आणि ती निभावून नेण्याची सोशिकता सौभाग्यवतींची! पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरएक किलोमीटरवर हे गाव. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याचे फुगवट्याचे पाणी इथवर पसरते.

पुष्कळ हौशी मंडळी सुट्या पाहून बेत आखतात. नाताळ आला, चला भिगवणला! पण रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, त्याचे पंचांग निराळे. त्याला वाकडी चोच उलटी धरून उथळ पाण्यातले बारीक जीव गाळून खायचे असतात. काठोकाठ भरलेल्या जलाशयात त्याने उभे तरी कोठे राहावे? शेतीला पाणी सुटते, काठचा गाळ उघडा पडतो, तेव्हा ही लांब पायांची मंडळी उतरतात. पाऊस दणकून झाला, तर त्यांचे येणे लांबते. म्हणून तारीख धरण्यापूर्वी मी कुंभारगावच्या नावाड्याला फोन करतो, "मामा, पाणी उतरलं का?" "अजून नाही साहेब, दम धरा," असे उत्तर आले, की कॅमेरा पुन्हा कपाटात.

पट्टकादंबांचे तसे नाही. हिमालय ओलांडून येणारे हे पाहुणे काठच्या गवतावर चरतात. मात्र त्यांना फेब्रुवारीपर्यंत गाठावे. पुढे त्यांना परतीचे वेध लागतात.

मुक्कामाला आदल्या रात्री जावे आणि उजाडता होडीत बसावे. ऊन चढले की वारा सुटतो, होडी डुलू लागते. तीन पायांचे स्टँड तिथे कुचकामी. तांदूळ भरलेली कापडी पिशवी होडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. सूर्य पाठीशी हवा, हे सांगायला नकोच.

आता खरी तक्रार. रोहिताच्या पंखांतला गुलाबी नि काळा रंग पंख उघडल्यावरच पुरा दिसतो, म्हणून काही गिऱ्हाइके नावाड्याच्या मागे लागतात, "जरा उडवा की!" मला हा शुद्ध आडदांडपणा वाटतो. त्या जड देहाला हवेत उठायला आधी पाण्यावर धावावे लागते. फोटोसाठी दिवसातून दहादा उडवले, तर त्याने खावे केव्हा? आमचे मामा तर होडी सोडण्यापूर्वीच बजावतात, "उडवायचं नाही. पटत असेल तर बसा." त्यापायी त्यांची गिऱ्हाइके दुसऱ्या होडीत गेलेलीही मी पाहिली आहेत.

चरणाऱ्या थव्याने माना वर केल्या, की होडी तिथेच थांबवावी. इंजिन बंद करून दशम्या सोडाव्यात, मुलांना दुर्बीण द्यावी. तास-दीड तासात एखादी तुकडी आपण होऊन जागा बदलते. माना ताणून ती वाऱ्याकडे चालू लागली, की दशमी खाली ठेवून कॅमेरा डोळ्याला लावावा.