शिडी घसरते ती का?

पावसाळा तोंडावर आला की कोकणात घरे शाकारण्याची घाई उडते. दिवाळी जवळ आली की देशावर भिंतींना चुना काढतात. दोन्ही कामांना शिडी लागते. आमच्या गावचा चुना लावणारा गडी असाच एकदा पडला. मी तेव्हा शाळेत होतो. बारा फुटांवरून पडला, कंबरेचा मणका मोडला, आणि पुन्हा काही त्याच्या हाती कुंचला आला नाही. ‘एवढ्याशा उंचीला काय होतंय’ असे तोच म्हणायचा! पण बारा फुटांवरून सुटलेला माणूस सेकंदाच्या आत खाली येतो, आणि आपटताना त्याचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो.

शिडी भिंतीला रेलली की भिंत तिला मागे रेटते. हा रेटा अडवते ते पायथ्याचे घर्षण. माणूस जसजसा वर चढतो, तसतसा रेटा वाढतो. म्हणून तिसऱ्या पायरीला पक्की वाटलेली शिडी दहाव्या पायरीला एकदम निसटते. ‘चढून पाहिली, हलत नाही’ हा भरवसा खरा नव्हे. त्यात जमीन ओली सारवलेली असली, तर मग विचारूच नका. गुरुजींनी वर्गात फूटपट्टी तिरकी टेकवून तिला एखादे वजन आधी खाली, मग वर बांधून दाखवावे. मुलांना लगेच कळते.

चार फूट उंचीला पायथा एक फूट दूर, म्हणजे बारा फुटांना तीन, हे प्रमाण ठेवावे. फार उभी लावली तर शिडी मागे कलंडते. वरचे टोक दोरीने बांधावे, खाली एकाने धरावी. छपरावर उतरायचे तर शिडी कडेच्या वर तीन फूट निघालेली हवी. हात पुरत नाही म्हणून बाजूला झुकू नये. उतरून शिडी सरकवावी. कंटाळा येतो खरा! विजेच्या तारेजवळ मात्र शिडी नकोच. ओल्या बांबूतूनही वीज वाहते.

आणि कोणी पडलाच, तर त्याला उठवून बसवू नका. मान-पाठ हलू न देता तसाच निजू द्या आणि १०८ ला फोन करा. आमच्या त्या गड्याला चौघांनी हातापायांना धरून उचलले होते. मणका पडताना मोडला, पण मज्जारज्जूला इजा तेव्हाच झाली की उचलताना, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.