विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ
विद्यापीठांतील विद्यार्थ्यांत ख्रिस्ती श्रद्धेचा प्रसार करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली चळवळ. ब्रिटनमध्ये १८७१ च्या कायद्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरॅम येथील पदव्या व अध्यापनपदे यांसाठी असलेली धर्मनिष्ठेची अट बहुतांशी रद्द झाली. जी श्रद्धा नियमाने गृहीत धरली जाई, ती यापुढे एकेका विद्यार्थ्याला पटवून देणे भाग पडले.

केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८७७ मध्ये आपला आंतरमहाविद्यालयीन ख्रिस्ती संघ स्थापिला. अमेरिकन प्रवचनकार ड्वाइट मूडी (१८३७–९९) याच्या तेथील पहिल्या सभेत (१८८२) विद्यार्थ्यांनी हुल्लड केली. सप्ताहाच्या अखेरीस मात्र अनेकजण गांभीर्याने ऐकू लागले. क्रिकेटपटू सी. टी. स्टड याच्यासह ‘केंब्रिज सप्तक’ १८८५ मध्ये धर्मप्रसारार्थ चीनला गेले. जॉन मॉट (१८६५–१९५५) याच्या पुढाकाराने स्वीडनमधील वाड्स्टेना येथे १८९५ मध्ये जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन झाला. त्याची एक सर्वसाधारण सभा नसरापूर (जि. पुणे) येथे १९५२-५३ मध्ये भरली होती.

चळवळीतील खरा वाद पद्धतीचा नसून आशयाचा होता. बायबलची चिकित्सा व आधुनिक विज्ञान यांना सामावून घ्यावे, असे ब्रिटिश विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीचे धोरण होते. ख्रिस्ताचे क्रुसावरील प्रायश्चित्त गौण ठरते, या आक्षेपाने केंब्रिजचा संघ १९१० मध्ये तिच्यापासून अलग झाला आणि १९२८ मध्ये सनातनी मताच्या संघांची वेगळी संघटना निघाली. दोन्ही बाजूंनी कार्य चालूच राहिले. विल्यम टेंपल (१८८१–१९४४) याची ऑक्सफर्डमधील व्याख्याने (१९३१) गाजली. तेथील सॉक्रेटिक क्लबमध्ये सी. एस. लूइस (१८९८–१९६३) याच्या अध्यक्षतेखाली श्रद्धावान व नास्तिक यांचे खुले वाद होत. त्याच्या निसर्गवादविरोधी युक्तिवादावर १९४८ मध्ये सर्वांत मर्मभेदक टीका केली, ती एलिझाबेथ ॲन्सकोम या श्रद्धाळू कॅथलिक विदुषीने. पुढे लूइसने मिरॅकल्स या ग्रंथातील ते प्रकरण सुधारून लिहिले.

स्ट्रॅस्‌बर्ग येथील १९६० च्या परिषदेत चळवळीची कसोटी लागली. कार्ल बार्ट व लेस्ली न्यूबिगिन (१९०९–९८) यांच्यासारखे वक्ते असूनही तरुणांना चर्चच्या कार्याविषयी फारसे औत्सुक्य वाटले नाही. चर्चच्या चौकटीतून बाहेर पडून इहवादी जगात मिसळा, हे हूकेंडाइक या डच धर्मशास्त्रज्ञाचे आवाहन मात्र त्यांना भावले. पुढील दशकात ब्रिटिश चळवळ राजकीय व सामाजिक प्रश्नांकडे अधिकाधिक वळली आणि तिच्या शाखा झपाट्याने ओसरल्या. याउलट, सनातनी मताचे संघ वाढले. इहवादाशी जुळवून घेतल्यानेच हा ऱ्हास झाला, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. परंतु त्या काळात ब्रिटनमधील चर्चची उपस्थिती सर्वत्रच घटत असल्याने हे कारण अपुरे वाटते.

न्यूबिगिन स्वतः केंब्रिजमध्ये शिकत असताना याच चळवळीतून श्रद्धेकडे वळला होता. मद्रासचे बिशपपद सोडून १९७४ मध्ये तो इंग्‍लंडला परतला आणि पाश्चात्त्य संस्कृती हेच आता धर्मप्रसाराचे अवघड क्षेत्र आहे, या विचाराची मांडणी त्याने फूलिशनेस टू द ग्रीक्स (१९८६) या ग्रंथात केली.