खोक्यातून येणारे कपडे आणि उल्हासनगरचा बाजार

पुरुषांसाठी कपड्यांचे खोके घरपोच पाठवणाऱ्या वर्गणी-सेवेत ग्राहक एकेक वस्त्र स्वतः निवडत नाही. तो आपली मापे, आवडीचे रंग, कामाचे स्वरूप आणि खर्चाची मर्यादा एका प्रश्नावलीत भरून देतो आणि त्या माहितीवरून स्टायलिस्ट, म्हणजे कोणाला काय शोभेल याची निवड करणारा जाणकार, ठरावीक काळाने चार-पाच कपडे निवडून पाठवतो. आवडलेले कपडे ठेवावेत, उरलेले दिलेल्या मुदतीत परत करावेत, असा तिचा साधा नियम असतो. अशा सेवेत ग्राहक कापडाइतकीच किंमत दुसऱ्याने केलेल्या निवडीचीही मोजत असतो. म्हणून सेवा घ्यावी की नाही, हे ठरवताना ती निवड किती जाणतेपणाने झाली आहे, हे आधी पाहावे लागते.

ही कल्पना अमेरिकेत रुजली. २००९ मध्ये सुरू झालेल्या, शिकागोतून चालणाऱ्या ट्रंक क्लबने खरेदीचा कंटाळा असलेल्या पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून कपड्यांच्या पेट्या पाठवण्यास सुरुवात केली, आणि २०११ मध्ये कतरिना लेक यांनी स्थापन केलेल्या स्टिच फिक्स या कंपनीने स्त्रियांपासून आरंभ करून २०१६ मध्ये पुरुषांसाठीही ही सेवा खुली केली. स्टिच फिक्सची मूळ पद्धत अशी होती की एका खोक्यात पाच वस्तू येत, निवडीचे वीस डॉलर शुल्क ग्राहकाने एखादी वस्तू ठेवल्यास तिच्या किमतीतून वजा होई आणि पाचही वस्तू ठेवल्यास एकूण किमतीवर सूट मिळे. ही सूट उदारपणा वाटली तरी तिच्यामागे व्यवसायाचा सगळ्यांत अवघड हिशेब आहे, कारण परत आलेल्या प्रत्येक सदऱ्याचा जाण्याचा आणि येण्याचा असा दोन्ही वेळचा वाहतूकखर्च कंपनीला सोसावा लागतो, तो पुन्हा तपासून, इस्त्री करून, घडी घालून ठेवावा लागतो, आणि तोवर त्यात अडकलेले भांडवल पडून राहते. नॉर्डस्ट्रॉम या मोठ्या दुकानसमूहाने २०१४ मध्ये विकत घेतलेला ट्रंक क्लब २०२२ मध्ये बंद झाला, आणि घालून पाहून मग पैसे देण्याची ॲमेझॉनची अमेरिकेतील योजनाही २०२५ च्या आरंभी थांबवण्यात आली.

भारतातील या धाटणीचा ठळक प्रयत्न मुंबईत झाला; अर्चना वालावलकर आणि धीमान शाह यांनी २०१३ मध्ये स्थापलेल्या स्टाइलक्रॅकर या कंपनीने स्टायलिस्टने निवडलेल्या कपड्यांचे खोके बाजारात आणले. परंतु भारतात अशा सेवेपुढे एक निराळी अडचण उभी राहते, ती मापाची. देशातील तयार कपड्यांची मापे बऱ्याच अंशी ब्रिटिश, अमेरिकी आणि युरोपीय तक्त्यांवरून घेतलेली असल्यामुळे एका कंपनीचा चाळीस नंबरचा सदरा दुसऱ्या कंपनीच्या चाळीसशी जुळत नाही, आणि भारतीय शरीरयष्टीचा स्वतंत्र तक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे निफ्टला, मुंबईसह सहा शहरांतील सुमारे पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याचा ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घ्यावा लागला. छातीला बसणारा सदरा पोटावर ताणला जाणे, कंबरेला बसणारी पँट टाचेखाली लोळणे, हे अनुभव सार्वत्रिक आहेत, आणि प्रश्नावली कितीही बारकाईची असली तरी तिला ते पुरते टाळता येत नाहीत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यात या सेवेचा विचार करताना तो उल्हासनगरच्या बाजारापासून सुरू करणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यासाठी कल्याणजवळ उभारलेल्या छावण्यांमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले, आणि गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले. घरदार, जमीनजुमला मागे टाकून आलेल्या या माणसांनी व्यापार आणि लघुउद्योग यांच्या बळावर जे नगर उभे केले, त्यात कापडाला मानाचे स्थान आहे. गजानन मार्केट आणि जपानी बाजार ही नावे ठाणे जिल्ह्यातील लग्नघरांना आणि किरकोळ दुकानदारांना चांगली परिचित आहेत, तर जीन्स शिवणाऱ्या लहान कारखान्यांमुळे हे शहर देशभरच्या ठोक व्यापाऱ्यांना ठाऊक झाले.

जीन्सची एक पँट तयार होताना तिच्यावर किती हात फिरतात, हे पाहण्यासारखे आहे. डेनिमचे थर एकावर एक अंथरून कटिंग मास्टर ते नमुन्याबरहुकूम कापतो, त्यानंतर खिसे, चेन, पट्टा, मागचा जोड अशी कामे वेगवेगळ्या कारागिरांकडे वाटली जातात, कडा उसवू नयेत म्हणून ओव्हरलॉक मारले जाते, काज-बटण होते, आणि लोंबणारे धागे कापण्याचे काम अनेकदा आसपासच्या वस्त्यांतील स्त्रिया घरबसल्या करतात. कोऱ्या डेनिमचा ताठरपणा घालवून त्याला फिकट, वापरलेली छटा देण्यासाठी करावी लागणारी धुलाई ही या उद्योगाची काळी बाजू आहे, कारण तिचे रंगीत, रसायनयुक्त पाणी वालधुनी नदीत गेले. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराशेजारून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते, आणि तिच्या प्रदूषणाचा प्रश्न वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेल्यानंतर धुलाई कारखान्यांवर कारवाई होऊन त्यांतील अनेक बंद पडले. स्वस्त जीन्स सर्वांना हवी असताना तिच्या धुलाईच्या पाण्याचा भार मात्र नदीने आणि काठावरच्या वस्त्यांनी वाहावा, हा अन्याय आहे, आणि कपडे खोक्यातून आले काय किंवा दुकानातून आले काय, तो अन्याय त्यामुळे कमी होत नाही.

उल्हासनगरच्या मालावर अनेक वर्षे नकली असल्याचा शिक्का बसला, आणि काही व्यापाऱ्यांनी नामांकित कंपन्यांच्या चिठ्ठ्या लावून माल विकल्यामुळे तो सर्वस्वी निराधारही नव्हता. पण त्यामुळे या बाजारातील गिऱ्हाइकाला एक उपयुक्त सवय जडली. चिठ्ठीवर विश्वास ठेवता येत नसल्यामुळे तो कापड चिमटीत धरून पाहतो, शिवण ताणून पाहतो, चेन दोनदा वरखाली करतो, पँट उलटी करून आतल्या कडा तपासतो. दुकानदारही गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकून कंबरेचा आकडा सांगतो आणि दहा पँटींतून तीन समोर ठेवतो, म्हणजे स्टायलिस्टचेच काम करतो, आणि त्याला समोरचा माणूस उभा, चालता आणि बसलेला दिसत असल्याने त्याचा अंदाज कागदावरच्या मापापेक्षा सहसा अधिक बरोबर येतो.

असे असूनही खोक्याची सेवा या पट्ट्यात निरुपयोगी ठरते, असे म्हणणे योग्य होणार नाही. बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर आणि अंबरनाथ ६० किलोमीटर अंतरावर आहे; लोकलच्या एका फेरीतच दीड तासाच्या आसपास वेळ जातो, आणि सकाळी अंधारात निघून रात्री परतणाऱ्या नोकरदाराला बाजार उघडा सापडतो तो फार तर सुटीच्या दिवशी, जेव्हा घरची इतर कामे वाट पाहत असतात. ज्याला काय घ्यावे हे सुचत नाही किंवा विचारायला संकोच वाटतो, अशा पुरुषासाठी दुसऱ्याने शांतपणे केलेली निवड हा खरा दिलासा असू शकतो. मात्र या प्रवाशाच्या गरजा महानगरी प्रश्नावलीत सहसा उमटत नाहीत. गर्दीच्या डब्यात तासभर उभ्या राहणाऱ्याला लिननचा सुरेख सदरा कार्यालयात पोहोचेपर्यंत चुरगळलेला मिळतो, पावसाळ्यात फिकट रंगाची पँट चिखलाच्या शिंतोड्यांनी खराब होते, आणि पाकीट, मोबाइल पुढच्या खिशात ठेवावे लागत असल्याने तो खिसा खोल असणे हे रंगापेक्षा महत्त्वाचे ठरते. सेवा घेऊन पाहणाऱ्याने शेरे लिहिण्यासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेत या गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिल्या, तरच स्टायलिस्टच्या निवडीला अर्थ येतो.

वर्गणीच्या पैशांबाबतही जागरूकता हवी. ग्राहकाच्या कार्डातून ठरावीक काळाने आपोआप रक्कम वळती होण्याच्या व्यवस्थेसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले असून, त्यांनुसार रक्कम जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळावी लागते आणि त्याला ती थांबवता येते. सुरू करायला सोपी पण बंद करायला मुद्दाम अवघड केलेली वर्गणी हा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीचा सापळा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या पद्धतींमध्ये धरला आहे. म्हणून पहिला खोका मागवण्यापूर्वीच वर्गणी कोठून आणि कशी बंद होते, परतीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते, आणि परत केलेल्या मालाचे पैसे खात्यात येतात की पुढील खरेदीसाठी अडकून राहतात, या तीन गोष्टी वाचून घेणे हिताचे असते.

मापाची उणीव भरून काढणारा माणूस मात्र या तिन्ही शहरांत जवळच सापडतो. स्थानकालगतच्या गल्ल्यांत एक यंत्र मांडून बसलेला अल्टरवाला पँटची लांबी कमी करतो, कंबर आत घेतो, सदऱ्याच्या बाजू दाबतो, आणि साधारण बसणारा कपडा अंगाला नेमका बसवून देतो. चांगला बसणारा साधा कपडा हा न बसणाऱ्या महागड्या कपड्यापेक्षा केव्हाही उजवा दिसतो, त्यामुळे खोक्याच्या किमतीत या कामाची मजुरी धरूनच हिशेब केला पाहिजे. क्रम मात्र सांभाळावा लागतो, कारण एकदा कात्री लागलेली पँट कोणतीही कंपनी परत घेत नाही. म्हणून ती आधी रोजच्या बुटांसह आणि पट्ट्यासह घरात घालून, बसून, वाकून, जिना चढून पाहावी, चिठ्ठ्या तशाच ठेवाव्यात, आणि ठेवण्याचा निश्चय झाल्यावरच अल्टरवाल्याकडे न्यावी. टाचेकडची दुमड आत थोडी जास्त ठेवायला सांगितले, तर धुतल्यावर आखडणाऱ्या सुती पँटची लांबी नंतरही सोडता येते.