निपाणीच्या वखारीतला चित्रपट

चित्रपट कुणाचा, असे विचारले की आपण दिग्दर्शकाचे नाव सांगतो. कवितेला कवी, तसा चित्रपटाला दिग्दर्शक, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. हा हिशेब चुकवणारा एक चित्रपट आपल्या निपाणीत 1982 साली तयार झाला. त्याचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. लांबी पंचवीसेक मिनिटे, कृष्णधवल, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला. जागतिक चित्रपटाच्या अभ्यासकांना तो माहीत आहे. सीमाभागाच्या साहित्यावर बोलताना मात्र आपल्या व्यासपीठांवर त्याचे नाव ऐकू येत नाही, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

तो ज्या गटाने केला त्याचे नाव ‘युगांतर’. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनी 1980 च्या सुमारास बंगळुरात हा गट उभा केला. कॉन्ट्रॅक्टर यांनी त्याआधी मणी कौल यांच्या ‘दुविधा’चे छायालेखन केले होते, म्हणजे प्रयोगशील चित्रपटाची रीत या गटाला घरचीच होती. त्यांचा पहिला चित्रपट ‘मोलकरीण’ हा पुण्यातल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवरचा, आणि दुसरा हा निपाणीचा.

निपाणीची तंबाखू आपल्याला सांगायला नको, पण वखारीचा आतला भाग पाहिलेले इथेही थोडेच असतील. शेतकऱ्याचा माल वखारीत आला की तो कुटायचा, चाळायचा, काड्या वेगळ्या करायच्या आणि विडीचा जर्दा तयार करायचा. या कामातला मोठा वाटा बायकांचा. तोंडाला पदर किंवा फडके बांधून दिवसभर त्या धुळीत बसायचे. मजुरी तुटपुंजी, नोकरीची शाश्वती नाही, वर मालकाच्या माणसांची अरेरावी. या बायका प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साथीने संघटित झाल्या, त्यांनी संप केले. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले आणि त्यात गोळीबार झाला, हे सर्वांना आठवते. त्याच तंबाखूवर राबणाऱ्या बायकांचा लढा त्या मानाने कमी आठवतो. शेतकरी हमरस्त्यावर होता, बाई चार भिंतींच्या आत. हेही त्याचे एक कारण असावे.

युगांतरची मंडळी आली ती कॅमेरा लावून मोकळी झाली नाहीत. सुमारे चार महिने चर्चा चालल्या. काय दाखवायचे, कोणता प्रसंग महत्त्वाचा, संप नेमका कसा सुरू झाला, हे बायकांकडूनच समजून घेतले. संपाचा मूळ प्रसंग घडून गेला होता. मग ज्यांनी तो घडवला त्यांनीच तो कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभा केला. वखारीच्या आतली, एरवी बाहेरच्या कुणाला न दिसणारी कामाची दृश्येही टिपली गेली.

अनुबोधपटात अभिनय कसा चालेल, ही शंका रास्त आहे. माझे मत असे की इथे अभिनय ही साक्षच आहे. आपल्याकडे जुनी माणसे घडलेली गोष्ट सांगता सांगता उठून उभी राहतात, हातवारे करून ‘तो असा आला, मी अशी म्हटले’ असे करून दाखवतात. त्याला कुणी खोटे म्हणत नाही. शिवाय एकदा केलेला संप दुसऱ्यांदा करून दाखवताना बाईला आपण काय केले ते बाहेरून पाहता येते. तरीही सहकार्य या शब्दाने फार भुलू नये. कॅमेरा आणि संकलनाचे टेबल दुसऱ्यांच्या हाती होते, आणि काय ठेवायचे, काय कापायचे याचा शेवटचा हात तिथेच फिरतो.

सामूहिक चित्रपटाची ही कल्पना इतरत्रही रुजली होती. पोलंडमध्ये स्तेफान आणि फ्रान्चिष्का थेमरसन हे प्रयोगशील जोडपे होते. तो लेखक, ती चित्रकार, आणि चित्रपट दोघे मिळून करत. 1935 साली त्यांनी वॉर्सात चित्रपटकारांची सहकारी संस्थाच काढली. साखर कारखाने आणि पतसंस्था पाहिलेल्या आपल्या भागाला सहकार नवा नाही, पण चित्रपटाचा सहकार ऐकून गंमत वाटेल. थेमरसनांच्या सहकारात मात्र सगळे कलावंतच होते. निपाणीत जिच्याविषयी चित्रपट आहे तीच करणाऱ्यांत होती, आणि हा फरक मला मोठा वाटतो. आणखी एक योगायोग. थेमरसनांचा ‘युरोपा’ महायुद्धात हरवला आणि 2019 साली जर्मनीच्या सरकारी अभिलेखागारात सापडला. युगांतरच्या चित्रपटांचे जतनही पुढे बर्लिनच्याच आर्सेनल या संस्थेत झाले.

आता नावाकडे येऊ. इंग्रजीत या चित्रपटाला ‘टोबॅको एम्बर्स’ म्हणतात, म्हणजे तंबाखूचे निखारे. भाषांतर आकर्षक आहे, पण गफलत करणारे. निखारा म्हणजे जाळ होऊन गेल्यावर उरते ते. ऊब त्याच्या उलट. रचून ठेवलेल्या तंबाखूत वरून काही न दिसता आतल्या आत उष्णता चढू लागते. वखारीत काम केलेल्यालाच हे हाताला कळते. बायकांच्या संघटनेला यापेक्षा नेमका शब्द मिळाला नसता, आणि तो कोशातला नव्हे, कामातला आहे. आपण सीमाभागाची मराठी म्हणजे संमेलनातले ठराव आणि कवितासंग्रह असे धरून चालतो. कन्नडशी रोज घासणारी, सुराने थोडी वेगळी अशी जी मराठी वखारीत, बाजारात चालते, ती आवाजासकट 1982 साली नोंदली गेली, हे या चित्रपटाचे साहित्यिक मोलही आहे.

तेव्हा प्रदर्शन भरवायचे तर काय लागेल? एक सभागृह, पडदा आणि परवानगी. त्याहून अवघड काम प्रेक्षक गोळा करण्याचे. त्या वेळच्या तरुण बायका आज सत्तरीच्या आसपास असतील. पडद्यावरच्या चेहऱ्यांची नावे त्यांना येत असतील. चित्रपट मध्येच थांबवून ‘ही कोण?’ असे विचारायला हवे, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला हवे. बर्लिनला फिल्म जपता आली. ही नावे लिहून घेण्याचे काम निपाणीतच होऊ शकते, आणि त्याला फार वर्षे उरलेली नाहीत.