दुखतं मनगट, थकतो कोपराजवळचा स्नायू

माऊस धरून मनगट दुखायला लागलं की आपण मनगटच चोळत बसतो. पण बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात कोपर आणि मनगटाच्या मधे. बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या लांब कंडरा.

आत्ताच करून बघा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. कोपराच्या बाहेरच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली डाव्या हाताची बोटं टेकवा आणि उजव्या हाताचं मधलं बोट वर उचला. आत काहीतरी हललं ना? तोच तो दमलेला स्नायू! थोडं खोबरेल तेल लावून मनगटाकडून कोपराकडे अंगठ्याने सावकाश दाबत जा. बरं वाटेल इतकाच दाब द्या, कळ आली की सैल करा. हाडावर दाबू नका.

हा आराम टिकायचा तर बैठक बदलायलाच हवी. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, कीबोर्ड कोपराच्या उंचीला ठेवला तर मान खाली जाते. आणि डोकं असतं साधारण ५ किलोचं! म्हणून महागड्या खुर्चीच्या आधी वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं चालतात. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

मात्र अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर मालिशवर भागवू नका. मनगटातल्या अरुंद जागेतून ९ कंडरांसोबत एक मज्जातंतू जातो, तो दबत असू शकतो. डॉक्टरांना लवकर दाखवा.