दहा डॉलर, छत्तीस महिने

भांडवल म्हटले की श्रीमंताची तिजोरी डोळ्यांपुढे येते. ज्यांना महिनाअखेर चार पैसे शिल्लक टाकण्याची मारामार, त्यांच्या भांडवलाची गोष्ट काढणे अनेकांना थट्टाच वाटेल. म्हणूनच अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये १९६२ साली जे घडले ते जरा तपशिलाने सांगावे असे आम्हांस वाटते.

या झायन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते रेव्हरंड लिऑन सलिव्हन. शहरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना त्यांनी एकत्र आणले होते. जी कंपनी आपल्या माणसांना चांगल्या जागा देत नाही तिचा माल घेऊ नका, असे ही मंडळी रविवारी चर्चमधून सांगत. १९६० साली पहिली पाळी आली ती टेस्टी बेकिंग या केक बनविणाऱ्या कंपनीची. बहिष्कार लागू पडला, नोकऱ्या मिळू लागल्या. पण पगार हाती आला तरी तो खर्च व्हावयाचा दुसऱ्याच्या दुकानात आणि भाडे जावयाचे दुसऱ्याच्या घराला! हे दुखणे बहिष्काराने बरे होणारे नव्हते.

तेव्हा १९६२ मध्ये सलिव्हन यांनी पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंचे पोट भरल्याच्या बायबलमधील कथेवर प्रवचन केले आणि शेवटी हिशेब मांडला: दरमहा १० डॉलर, ३६ महिने. पन्नास जण पुढे आले तरी पुरे, अशी त्यांची अपेक्षा. नावे आली दोनशेंहून अधिक.

योजनेतील खरी मेख पुढेच आहे. पहिल्या १६ महिन्यांचे १६० डॉलर धर्मादाय न्यासाकडे जात. ते शिक्षण आणि लोकसेवेसाठी, परत मिळावयाचे नाहीत. उरलेल्या २० महिन्यांचे २०० डॉलर मात्र नफ्यासाठी काढलेल्या कंपनीत गुंतत आणि मुदत संपली की वर्गणीदारास मताधिकारासह एक शेअर मिळे. आपल्या भिशीत पैसा फिरून घरी येतो. येथे निम्म्याला थोडा कमी पैसा आधीच समाजाला देऊन टाकलेला. हा क्रम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. नफा झाल्यावर दान करू म्हणणारे पुष्कळ भेटतात. नफ्याचे दर्शन होण्यापूर्वीच दान उरकणारे विरळा. शिवाय एकेकाचा एकच शेअर, तेव्हा सभेत मोलकरणीचे आणि डॉक्टरांचे वजन सारखेच.

दहा-दहा डॉलरांनी इमारती कशा उभ्या राहिल्या, असे कोणी विचारील. त्या केवळ त्या पैशांवर उभ्या राहिल्या नाहीत. स्वतःची काही रक्कम हाती असल्यावाचून कर्ज मिळत नाही, आणि ही रक्कम वर्गणीदारांनी पुरविली. वर्गणीदार पुढे हजारांवर गेले. प्रथम निवासाची घरे झाली. मग उत्तर फिलाडेल्फियात ब्रॉड स्ट्रीटवर, १९६८ साली, ‘प्रोग्रेस प्लाझा’ हे दुकानांचे संकुल उघडले; कृष्णवर्णीयांच्या मालकीचे असे हे अमेरिकेतील पहिले संकुल मानले जाते. धनको अशा वेळी बड्या साखळी-दुकानांचे भाडेकरार पाहतो, म्हणून तशी दुकाने आणणे भाग होते. त्यांचे व्यवस्थापक मात्र कृष्णवर्णीय असावेत, हा सलिव्हन यांचा आग्रह.

सारेच साधले असे नाही. त्याच वर्षी काढलेली अंतराळ-उद्योगाचे भाग बनविणारी कंपनी फार काळ चालली नाही. प्लाझातील किराण्याचे मोठे दुकानही पुढे बंद पडले आणि वस्तीला कित्येक वर्षे ताज्या भाजीसाठी दूर जावे लागले. वस्ती गरीब, गिऱ्हाइकी अपुरी, हा व्यापाऱ्याचा हिशेब मालक बदलल्याने बदलत नाही. नवे दुकान तेथे आले ते २००९ साली, सलिव्हन यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.